ठरावावर सही कुणाची? विकलेली मते, उसनी मते आणि आपण

धानपट्ट्यातल्या गावांत पानठेल्यावर "ठराव कुणाकडे गेला?" असा प्रश्न ऐकू यायला लागला की समजायचे, जिल्हा बँकेची निवडणूक लागली. शहरातल्या वाचकांना हा प्रश्न कदाचित कळणार नाही, म्हणून आधी तेवढे सांगून घेतो.

गावात सेवा सहकारी संस्था असते. लोक तिला नुसते सोसायटी म्हणतात. पीककर्ज तिच्यामार्फत मिळते, आणि ती सोसायटी जिल्हा मध्यवर्ती बँकेची सभासद असते. बँकेचे संचालक निवडायची वेळ आली की सोसायटीचे शेकडो शेतकरी मतदान करत नाहीत. सोसायटीचे संचालक मंडळ एक ठराव करते, की आमच्या वतीने अमुक माणूस मत टाकेल. झाले. शेकडो शेतकऱ्यांचे मत एका माणसाच्या खिशात गेले. हे बेकायदेशीर नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २७ मध्येच तशी सोय आहे. गंमत अशी की त्याच कलमात हेही लिहिले आहे की एका सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर कितीही असोत, आणि त्याने स्वतः येऊन मत द्यायचे, दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही. म्हणजे माणसाला मत उसने देता येत नाही, पण संस्थेला द्यावेच लागते. संस्थेला हात नाहीत, अंगठा नाही, ती कुणाला तरी पाठवणारच.

आमचे एक चाचा धान पिकवतात आणि अशाच एका सोसायटीचे संचालक आहेत. मागच्या वेळी त्यांच्या सोसायटीचा ठराव झाला. सभेला चाचांची हजेरी लागली आहे, सहीसुद्धा आहे. चाचा मात्र त्या दिवशी नागपूरला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. आम्ही विचारले, चाचा, मग सही कुणाची? ते हसले. म्हणाले, "बेटा, माझी सही माझ्यापेक्षा जास्त फिरते."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट ही नाही. एक ठराव म्हणजे एक मत, आणि जिल्ह्यात अशी मते मोजकीच. जिथे मतदार लाखांत असतात तिथे प्रत्येकाला विकत घेणे परवडत नाही. जिथे मतदार काही शेकडाच आहेत तिथे परवडते. म्हणून मग या निवडणुकांत मतदारांना "सहलीला" नेतात. निवडणुकीच्या चार-सहा दिवस आधी गाड्या येतात, मंडळी कुठल्या तरी रिसॉर्टवर नाहीतर देवदर्शनाला जातात, मोबाईल काढून घेतले जातात आणि मतदानाच्या दिवशी सकाळी थेट केंद्रावर उतरवतात. वर्तमानपत्रात याला "मतदारांची पळवापळवी" म्हणतात आणि आपण वाचून पान उलटतो. आपल्या चंद्रपूर जिल्हा बँकेची निवडणूक २०१२ नंतर थेट २०२५ मध्ये झाली. इतकी वर्षे निवडणूकच नाही, हा वेगळा विषय आहे. पण ज्यांच्या ठेवींवर सहकारी बँका चालतात त्या पगारदार माणसाला, पेन्शनवाल्या म्हाताऱ्याला, बचत गटाच्या बाईला तिथे मत नाही, हे लक्षात ठेवा. पैसा त्यांचा, मत दुसऱ्याचे. पुढे याच गोष्टीकडे परत येऊ.

बाजार समितीचेही असेच. अठरा संचालकांपैकी अकरा जण सोसायट्यांचे संचालक निवडतात, चार जण ग्रामपंचायतीचे सदस्य निवडतात, दोन व्यापारी-अडते निवडतात आणि एक हमाल-मापारी. आपले लोक बहुतेक या शेवटच्या दोन रांगांत दिसतात. शेतात राबणाऱ्याला मत नाही. २०१७ मध्ये सरकारने कायदा बदलला होता. ज्याच्याकडे निदान दहा गुंठे जमीन आहे आणि ज्याने पाच वर्षांत तीनदा त्या बाजारात माल विकला आहे त्या शेतकऱ्याला थेट मत दिले. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते काढून घेतले. इतक्या मोठ्या मतदार यादीच्या निवडणुकीचा खर्च छोट्या समित्यांना झेपत नाही, हे एक कारण सांगितले गेले. कारण अगदीच खोटे नव्हते. पण त्या खर्चाची आणि गाड्या-रिसॉर्ट-पाकिटांच्या खर्चाची बेरीज-वजाबाकी कुणी मांडली नाही. आम्ही गणित शिकवतो, म्हणून हे खटकले.

आता तुम्ही म्हणाल, हे जुन्या जमान्याचे दुखणे आहे, कॉम्प्युटर आला की सगळे पारदर्शक होईल. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचीही तशीच समजूत होती. हा बल्लारपूरचा पोरगा. ताडोबाच्या बाहेरच्या जंगलातले फोटो काढायचा आणि इंटरनेटवरच्या एका ब्लॉकचेनवाल्या सोशल नेटवर्कवर टाकायचा. ब्लॉकचेन म्हणजे अशी वही, जी एकाच्या कपाटात नसते, हजारो कॉम्प्युटरवर तिची नक्कल असते आणि कुणाला गुपचूप खाडाखोड करता येत नाही. चाचांच्या सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकाच्या बरोब्बर उलट! त्या नेटवर्कवर लोक तुमच्या लिखाणाला मत देतात आणि मतांप्रमाणे तुम्हाला तिथले नाणे मिळते. पोरगा चार महिने राबला. मग एक दिवस येऊन म्हणाला, "सर, चांगल्या फोटोला काही मिळत नाही. दोन ओळी लिहिणाऱ्याला ढीगभर मिळतात, कारण तो मते विकत घेतो."

आम्ही त्याच्याकडून समजून घेतले, मग थोडे वाचलेही. या प्रकारच्या नेटवर्कमध्ये सगळ्यात गाजलेले नाव स्टीम, किंवा त्याची साइट स्टीमिट. २०१६ मध्ये सुरू झाले. तिथे एक माणूस एक मत असा नियम नाही. ज्याने जितकी नाणी गुंतवून बांधून ठेवली, तितके त्याचे मत जड. शिवाय आपले हे वजन दुसऱ्याला उसने देता येते, त्याला डेलिगेशन म्हणतात. नव्या गरीब लेखकाला मोठ्याने हात द्यावा, असा त्यामागचा चांगला विचार होता. झाले काय, की काही लोकांनी आपोआप मत देणारी खाती काढली. तुम्ही बोली लावा, पैसे पाठवा, ते खाते तुमच्या लेखाला जड मत देईल. मोठ्या नाणेवाल्यांनी आपले वजन याच खात्यांना भाड्याने दिले आणि घरबसल्या हिस्सा घेतला. लेख कुणी वाचला की नाही याला काही अर्थ उरला नाही. वही स्वच्छ होती, प्रत्येक व्यवहार उघड दिसत होता. दिसत होता म्हणून थांबला मात्र नाही.

खरा प्रकार पुढे झाला. ते नेटवर्क चालवायला वीस मुख्य "साक्षीदार" असतात, त्यांना तिथे विटनेस म्हणतात, आणि तेही याच जड मतांनी निवडले जातात. २०२० च्या फेब्रुवारीत ट्रॉन या दुसऱ्या नाण्याचे मालक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे नाण्यांचा मोठा साठा होता. त्या साठ्याने मतदान होऊ नये म्हणून जुन्या साक्षीदारांनी तो गोठवला. मग मार्चच्या सुरुवातीला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या नाणे-बाजारांनी आपल्याकडे जमा असलेली नाणी मतांसाठी बांधली आणि वीसच्या वीस साक्षीदार बदलले गेले. ही नाणी बाजारांची नव्हती. ती गिऱ्हाइकांनी सांभाळायला ठेवलेली होती. गिऱ्हाइकाला कुणी विचारलेही नाही. बोंबाबोंब झाल्यावर बायनान्स आणि हुओबीने मते मागे घेतली. पण विश्वास गेला तो गेलाच. २० मार्च २०२० रोजी नाराज लोकांनी हाइव्ह नावाची वेगळी वही सुरू केली.

वर आम्ही म्हटले होते, पैसा ठेवीदाराचा आणि मत दुसऱ्याचे. बघा, कुठे चंद्रपूर आणि कुठे ते परदेशी नाणे-बाजार. यंत्र बदलले, रोग तोच. दुसऱ्याची अमानत आपल्या हाती आली की तिच्या जोरावर मत टाकायचा मोह होतो.

विकलेल्या मताचा अजून उघडा प्रकार आपल्या राज्यात २०२१ मध्ये झाला. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींत पदांचा चक्क लिलाव झाल्याचे बाहेर आले. उमराण्यात बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली होती, खोंडामळीत बेचाळीस लाखांवर. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. उमराण्याचा पैसा मंदिराच्या बांधकामाला जाणार होता, म्हणून काहींना त्यात वाईट वाटत नव्हते. तो पैसा मशिदीसाठी असता तरी गोष्ट तीच होती. नेक कामाचे नाव घेतले की सौदा पाक होत नाही.

लिलावाच्या बाजूने एक युक्तिवाद ऐकायला मिळतो. निवडणुकीत तसाही पैसा वाटला जातो, तो घराघरांत दारूत जाण्यापेक्षा गावाच्या कामाला लागलेला काय वाईट? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. दोन्हीकडच्या बायका सांगतील, निवडणुकीच्या रात्री बाटली कशी येते. त्यामुळे हा युक्तिवाद आम्ही हसून सोडत नाही. पण लिलावात ज्याच्याकडे बोली लावायला काही नाही तो उमेदवार तर होऊ शकत नाहीच, त्याला मतही उरत नाही. बाटली घेतलेल्या माणसाला निदान आत पडद्यामागे वेगळे बटण दाबता येते.

आता आपल्या घरात येऊ. दुसऱ्याच्या बँकेवर लिहिणे सोपे असते.

आपल्या मोहल्ल्यात ठराव होत नाही. प्रोसिडिंग बुक नाही, खोटी सहीसुद्धा लागत नाही. नगरपरिषदेची नाहीतर महानगरपालिकेची निवडणूक आली की कुणीतरी एक जण उमेदवाराच्या बैठकीत जाऊन बसतो आणि सांगतो, "भाऊ, आपल्याकडे चारशे मते आहेत." ही चारशे मते त्याला कुणी दिली? आमच्या अम्मीने दिली नाही. शेजारच्या रिक्षावाल्याने दिली नाही. बारावी झालेल्या पोरींना तर तो बोलला आहे हेही माहीत नाही. नाणे-बाजाराने जसे गिऱ्हाइकाला विचारले नव्हते तसेच हे. बदल्यात काय ठरते? कधी कब्रस्तानची भिंत, कधी बोअरवेल, कधी शादीखान्याचे पत्रे, आणि कधी काय ठरले ते दोघांनाच माहीत. कब्रस्तानची भिंत हा आपला हक्क आहे, नगरपरिषदेच्या पैशातून व्हायची गोष्ट आहे. आपण ती मतांच्या मोबदल्यात मागितली की तिची किंमत एकदा चुकती झाली, असे समोरचा धरतो. पुढे नाल्याचे, शाळेच्या शिक्षकांच्या रिक्त जागांचे विचारायला गेलो तर उत्तर येते, "तुमचे काम केले ना मागे?"

आपली संख्या या दोन जिल्ह्यांत कमी. बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, वडसा, आलापल्ली, अशा जागी थोडी वस्ती, बाकी विखुरलेले. कमी असल्यामुळे एकत्र राहायला हवे, हे म्हणणारे चूक नाहीत. आपसात बसून, बोलून, उमेदवाराला समोर बोलावून, सवाल विचारून पन्नास घरांनी एकच मत ठरवले तर त्याला आम्ही सौदा म्हणत नाही. ते मशवरा आहे. पण मशवऱ्यात प्रत्येकाला माहीत असते की काय ठरले आणि का ठरले. बायकाही त्यात असतात, किंवा असायला पाहिजेत. गठ्ठ्यात फक्त दलालाला माहीत असते.

आणि पाचशेची नोट? ती घेणाऱ्या बाईला शिव्या घालणे आम्हाला जमत नाही. तिला पाच वर्षांत एकदाच कुणीतरी दारात येऊन काही देते, बाकी वेळ तीच रेशनच्या रांगेत असते. तरी कायदा सांगून ठेवतो. सार्वजनिक निवडणुकीत मतासाठी देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये याला लाच म्हटले आहे आणि कलम १७३ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. घेणाऱ्या गरिबाला पकडणे सोपे, देणाऱ्याला कठीण, हे खरे. मोठ्यांच्या बाबतीत मात्र एक चांगली गोष्ट झाली. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सीता सोरेन प्रकरणात सांगितले की आमदार-खासदाराने सभागृहात किंवा राज्यसभा निवडणुकीत मत देण्यासाठी लाच घेतली तर त्याला विशेषाधिकाराचे कवच मिळणार नाही. १९९८ चा जुना निकाल त्यामुळे रद्द झाला. आमदाराचे मतही शेवटी आपण उसने दिलेलेच असते.

आपल्या उलमांनी या विषयावर फार आधी विचार केलेला आहे. मुफ्ती मुहम्मद शफी साहेबांनी मताच्या शरई हैसियतीवर लिहिताना त्याला तीन बाजू सांगितल्या. मत ही शहादत आहे, म्हणजे हा माणूस लायक आहे अशी साक्ष. ती सिफारिश आहे. आणि ती वकालत आहे, म्हणजे तुम्ही त्याला आपला वकील नेमता. शहादत विकली तर ती झूठी गवाही होते, हे वेगळे सांगायला नको. पण आम्हाला तिसरी बाजू जास्त विचारात पाडते. वकील नेमायला मुवक्किलाची रजामंदी लागते. न विचारता कुणी आमचा वकील कसा होतो?

हाच सवाल वक्फबद्दलही आहे, आणि तो विचारायला आपण स्वतः उशीर केला. वक्फ कायदा १९९५ प्रमाणे राज्य वक्फ बोर्डाच्या काही जागा निवडून येत होत्या. मुस्लिम खासदार, आमदार, बार कौन्सिलचे सदस्य आणि मुतवल्ली आपापले प्रतिनिधी निवडत. मुतवल्ल्यांत मत कुणाला? ज्या वक्फचे वार्षिक उत्पन्न एक लाख किंवा त्याहून जास्त आहे त्यांच्या मुतवल्लीला. म्हणजे दुकानांचे भाडे येणाऱ्या मोठ्या दर्ग्याला मत, आणि सिरोंच्याकडच्या एखाद्या खेड्यातल्या कवेलूच्या मशिदीला नाही. नाणे जास्त त्याचे मत जड, हा नियम आपल्याकडे स्टीमच्या आधीपासून होता. तेव्हा त्यावर किती जण बोलले? २०२५ च्या दुरुस्तीने तर निवडणूकच काढून टाकली, आता सरकार सदस्य नेमणार. १५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातल्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली, संपूर्ण कायद्याला नाही. नेमणुकीविरुद्ध बोलताना आपला आवाज थोडा अडखळतो, कारण जी निवडणूक होती तिच्यात सामान्य नमाजीचे मत आधीही नव्हते.

मग दुसरी पद्धत कुठे आहे का? आहे, आणि लांब नाही. धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा. सुमारे शंभर घरांचे गोंड गाव. २००९ मध्ये त्यांना १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या गावाबरोबर घेतली जातात. तिथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाने जरी हरकत घेतली तरी विषय पुढच्या सभेला जातो. अशा जागी मत विकत घ्यायचे तर सगळे गाव विकत घ्यावे लागेल, आणि एक म्हातारी नाही म्हणाली तर ते पैसे बुडाले.

आम्ही या गावाचे देव्हारे करत नाही. सर्वसहमतीला वेळ लागतो, तंटे लांबतात, आणि कधी कधी गप्प बसलेल्या माणसालाही "सहमत" धरले जाते. शंभर घरांत जे जमते ते चंद्रपूरच्या प्रभागात जमणार नाही. पण सोसायटीच्या संचालक मंडळात जमू शकते. तिथे तेरा-चौदा माणसेच असतात. आणि मोहल्ल्याच्या मशिदीच्या कमिटीत तर नक्कीच जमू शकते.

चाचांना आम्ही कलम ३२ सांगितले. त्या कलमाप्रमाणे सभासदाला सोसायटीच्या सभांचे इतिवृत्त बघायचा हक्क आहे, सर्वसाधारण सभेचे आणि संचालक मंडळाचेही. चाचांनी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढली, साध्या कागदावर अर्ज लिहिला आणि गटसचिवाकडे गेले. तो म्हणाला, "चाचा, आमच्यावर भरोसा नाही का?" चाचांनी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. दोन दिवस शिक्का सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी सापडला. प्रोसिडिंग बुक अजून दाखवलेले नाही. चाचा दर सोमवारी जातात.